निनवे एक, संदेष्टे दोन: कडक देव आणि कनवाळू देव एकत्र कसा वाचावा

दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन बसू नका. मी बसले होते. शाळेतून निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच पावसाळ्यात ठरवलं, की उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत पवित्र शास्त्र एकदा सलग वाचायचं. देव रागावला की लाल रेघ, देवाला दया आली की निळी. खानापूरचा पाऊस तुम्हाला ठाऊक असेल, चार-चार दिवस उंबऱ्याबाहेर पाऊल पडत नाही, त्यामुळे वेळच वेळ. निर्गमाच्या चौतिसाव्या अध्यायापर्यंत सगळं शिस्तीत चाललं. तिथं सहावं-सातवं वचन आलं, देव दयाळू आहे, तरी दोषीला सोडत नाही असं सांगणारं, आणि एकाच वाक्याखाली दोन्ही पेन्सिली ओढाव्या लागल्या. हवा दमट, शास्त्राचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा. फाटला.

त्या पानाला अजून चिकटपट्टी आहे. पुढची नऊ वर्षं आमच्या ओसरीवर जे काही शिकलो, ते त्या फाटक्या पानापासून सुरू झालं. गुरुवारी दुपारी तीनला सात-आठ बायका जमतात. बहुतेक आमच्या मंडळीतल्या, दोन कॅथलिक शेजारणी, आणि एक बैलहोंगलकडची सून, ती आपलं कन्नड शास्त्र घेऊन येते. निम्म्याजणी माझ्या विद्यार्थिनी, म्हणून सगळ्या मला 'बाई'च म्हणतात. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवी नाही. मराठी आणि इतिहास शिकवला, तेवढीच शिदोरी. पण दर नव्या बाईचा प्रश्न एकच असतो: जुन्या करारातला देव मारतो, नव्या करारातला जवळ घेतो, मग खरा कोणता? त्या प्रश्नाशी कसं बसायचं, ते सांगते.

लागणारं सामान: एक शंभर पानी वही आणि एकच पेन.

सुरुवात जलप्रलयापासून करू नका, यहोशवापासून तर नकोच. सुरुवात त्या फाटक्या वचनापासून, निर्गम ३४:६-७. आधी ते हातानं उतरवून काढा. छापील वाचताना डोळा घसरतो, लिहिताना हात अडतो, आणि अडणं हेच इथं काम आहे. मग दोन अध्याय मागं जा. मोशे डोंगरावर असताना खाली लोकांनी सोन्याचं वासरू केलं, देवाच्या आज्ञांच्या पाट्या फुटल्या, त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं मेली. तो धुरळा खाली बसतो न बसतो तोच मोशे म्हणतो, तुझं तेज मला दाखव. आणि देव आपली ओळख सांगतो. ही दुसऱ्या कुणी केलेली स्तुती नव्हे, स्वतःच्या तोंडानं सांगितलेली ओळख आहे, आणि तीही इतका अपमान झाल्यावर. त्यात पहिला शब्द दयेचा येतो. हा क्रम वहीत मोठ्या अक्षरात लिहा.

आता एकेका शब्दापाशी थांबा. मूळ हिब्रूत दयाळूसाठी जो शब्द आहे तो 'रहूम', आणि त्याच धातूतून 'रेहेम' म्हणजे गर्भाशय. आपण मराठीत 'जरा रहम करा' म्हणतो तो शब्द अरबीतून आलेला, पण मूळ धातू एकच. आमच्या गल्लीतले मुसलमान शेजारी ज्या रहमान-रहीमचं नाव घेऊन काम सुरू करतात, तोही त्याच घरातला. हे सांगितलं की बायका पुढं सरकून बसतात.

त्यानंतर 'मंदक्रोध', म्हणजे लवकर न रागावणारा. चांगला शब्द आहे, पण जरा पुस्तकी. हिब्रूत अक्षरशः आहे 'लांब नाकाचा'. नाक आणि राग यांना त्या भाषेत एकच शब्द. आपल्याकडे रागीट माणसाच्या नाकावर राग असतो, तसंच, फक्त देवाचं नाक लांब आहे, राग टोकापर्यंत पोचायला वेळ लागतो! पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा ओसरी हसून हसून दमली. तेवढ्यात बैलहोंगलच्या सुनेनं आपलं पुस्तक चाळून सांगितलं, 'आमच्यात दीर्घशांत म्हटलंय.' म्हणजे मराठीत जे लांबपण हरवलं, ते कन्नडनं जपून ठेवलंय. सीमाभागात राहण्याचे ताप पुष्कळ, पण दोन भाषांची शास्त्रं एका सतरंजीवर उघडतात, हा फायदा पुण्या-मुंबईला नाही.

पण वाक्य तिथं संपत नाही. पुढं म्हटलंय, की तो अपराधाची क्षमा करतो, तरी दोषीला निर्दोष म्हणून सोडत नाही, आणि बापाच्या अन्यायाचा झाडा मुलानातवांकडून तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत घेतो. इथं हमखास आवाज चढतात. आजानं केलेलं नातवानं का भोगावं?

मी तेव्हा जमिनीच्या उताऱ्याचं उदाहरण देते. आजानं सोसायटीचं कर्ज काढलं आणि फेडलं नाही, तर उताऱ्यावर बोजा चढतो. नातू शेत विकायला जातो तेव्हा तो बोजा तिथंच असतो. नातवानं चोरी केली असं कुणी म्हणत नाही, पण बोजा त्याला चुकत नाही. तीन-चार पिढ्या म्हणजे एका घरात, एका चुलीवर एका वेळी नांदणारी माणसं. म्हाताऱ्याचं पाप त्या छपराखाली सगळ्यांना लागतं, दारूचं घर ज्यानं पाहिलंय त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. यानंतर लगेच यहेज्केल १८ काढा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. तिथं लोक एक म्हण म्हणताहेत: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि पोरांचे दात आंबले. देव सांगतो, ही म्हण बंद करा, जो पाप करील तोच मरेल. बोजा घराचा, गुन्हा ज्याचा त्याचा. आणि माप बघा: झाडा तीन-चार पिढ्यांचा, वात्सल्य, अनुवाद ७:९ प्रमाणे, हजार पिढ्यांचं. दोन पारड्यांचा हा तराजू समतोल नाहीच, कुणी तसं म्हटलंही नाही.

आता खरं काम. हे निर्गमातलं वाक्य शास्त्रात पुन्हा पुन्हा येतं. एका पानावर सगळी ठिकाणं एकाखाली एक उतरवा: गणना १४:१८, नहेम्या ९:१७, स्तोत्र ८६:१५, १०३:८, १४५:८, योएल २:१३, योना ४:२, नहूम १:३. मग तपासा, कुणी कोणता तुकडा ठेवला आणि कोणता गाळला. मराठीच्या तासाला आम्ही मुलांकडून संदर्भासह स्पष्टीकरण घ्यायचो, तेच हे.

सगळ्यात जास्त वेळ योना आणि नहूम या दोन संदेष्ट्यांना द्या. दोघांचा विषय एकच, निनवे. अश्शूर साम्राज्याची राजधानी. याच अश्शूरनं ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास इस्राएलची राजधानी शोमरोन पाडून लोकांना देशोधडीला लावलं आणि ७०१ मध्ये यहूदाचं लाखीश शहर उद्ध्वस्त केलं. लाखीशच्या लोकांना खांबांवर टांगलेलं त्यांनी आपल्या राजवाड्याच्या भिंतीवर हौसेनं कोरून घेतलं, ते दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हे ठाऊक नसेल तर योना म्हणजे माशाची गोष्ट आणि नहूम म्हणजे नुसती आरडाओरड वाटते.

देवानं योनाला निनवेला जायला सांगितलं तेव्हा तो आधी पळून गेला, आणि शेवटी तिथले लोक पश्चात्ताप करून वाचले तेव्हा रागावला. म्हणून योना ४:२ मध्ये ते वाक्य चक्क तक्रार म्हणून येतं. तू कनवाळू आहेस, मंदक्रोध आहेस, अरिष्ट आणायचं ठरवून मागं घेतोस, हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी पळालो! दोषीला सोडत नाही हा भाग योनानं गाळलाय. नहूम त्याच शहराबद्दल तेच वाक्य घेतो आणि मंदक्रोध ठेवतो, पण दयेच्या जागी सामर्थ्य बसवतो, आणि योनानं गाळलेला तुकडा परत लावतो: दोषीला तो मुळीच सोडणार नाही. ख्रिस्तपूर्व ६१२ मध्ये बाबेली आणि मेदी सैन्यानं निनवे खरंच पाडली. एका वाक्याचे दोन तुकडे, दोन संदेष्ट्यांच्या हातात, एकाच शहरासाठी. गंमत म्हणजे दोन्ही पुस्तकं प्रश्नानं संपतात. योनात देव विचारतो, उजवाडावा हात न कळणारी एक लाख वीस हजारांवर माणसं आणि इतकी जनावरं, त्यांची मी कीव करू नये काय? नहूम विचारतो, तुझ्या दुष्टाईचा फटका बसला नाही असा कोण आहे? दोन्ही प्रश्न खरे आहेत. 'नहूम' या नावाचा अर्थच सांत्वन, हे आणखी.

इथं महाजन आयोगाची आठवण निघते, निघणारच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादावरचा १९६७ चा तो अहवाल, एकच कागद. एका घरात न्याय म्हणून वाचला गेला, शेजारच्या घरात अन्याय म्हणून. कोण बरोबर हा वाद मी गुरुवारी चालू देत नाही, चहा थंड होतो. पण वाक्य कुणाच्या कानावर पडतंय यावर त्याचा अर्थ फिरतो, हे आमच्या भागातल्या माणसाला लहानपणापासून कळतं.

म्हणून प्रत्येक उताऱ्याखाली वहीत तीन प्रश्न लिहा. हे कोण बोलतंय? कुणाला बोलतंय? आणि त्या वेळी कोण रडत होतं? तिसरा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडला नाही. तो एका चुकीतून आला.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट. एका बाईची जमीन दिरानं कागदोपत्री लाटली होती. नवरा गेलेला, कचेरीत कागद कन्नड, तिला वाचता येईना. तिला मी नहूमचा पहिला अध्याय मोठ्यानं वाचायला लावला. तिनं सगळा वाचला, डोळे पुसले आणि म्हणाली, 'बाई, कुणीतरी माझ्या बाजूनं बोलूलालंय.' मला इतका आनंद झाला, की पुढच्या गुरुवारी तोच अध्याय पुन्हा घेतला. त्या दिवशी ओसरीवर एक आई बसली होती, महिन्याभरापूर्वी तिचा तरुण मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. नात्यातल्या कुणीतरी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, की ही देवाची शिक्षा. 'दोषीला सोडणार नाही' हे वाक्य आलं आणि ती उठली, चपला पायात अडकवून भर पावसात निघून गेली. छत्रीसुद्धा राहिली.

छत्री द्यायला गेले तेव्हा मी काही बोलले नाही. चार दिवसांनी पुन्हा गेले आणि लूक १३ ची पहिली पाच वचनं वाचली. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली. ती काय यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त पापी होती? येशू म्हणतो, नाही. पुढं तो पश्चात्तापाचं कडक बोलतो, पण ते जिवंत उभ्या असलेल्यांना. मेलेल्यांवर तो बोट रोखत नाही. योहान ९ मधल्या जन्मांध माणसाबद्दलही तेच. तेव्हापासून माझा नियम: कडक वचन जुलूम करणाऱ्याच्या तोंडावर आणि जुलूम सोसणाऱ्याच्या कानात वाचायचं. शोकाच्या घरात त्याचं पान उघडायचंही नाही.

कठीण गोष्टींकडे आता वळा, आधी नको. उज्जानं कोशाला, म्हणजे देवाच्या कराराच्या पवित्र पेटीला, हात लावला आणि मेला, २ शमुवेल ६. इथं मी एवढंच दाखवते, की दावीद राजालाही संताप आला, आणि शास्त्रानं तो संताप लपवला नाही. तुम्हाला धक्का बसला तर तुम्ही दाविदाच्या पंक्तीला आहात. अलीशा संदेष्ट्याची टिंगल करणाऱ्या पोरांना अस्वलांनी फाडलं, त्यावर मी फार वेळ घालवत नाही, दर वेळी कुणीतरी नातवांना धाक घालायला ते वापरतं आणि मला वैताग येतो. स्तोत्र १३७ च्या शेवटी बाळांना खडकावर आपटण्याची भाषा आहे. तिथं पहिला प्रश्न लावा, हे कोण बोलतंय? बंदीत नेलेली, घरं जळालेली माणसं देवापुढं ओकताहेत. देवाची आज्ञा नव्हे ती.

देश घेताना इस्राएलनं केलेला कनानी लोकांचा संहार मात्र इतक्या लवकर सुटत नाही. एक गोष्ट मदतीला येते. यहोशवा १०:४० म्हणतं, कुणालाही जिवंत ठेवलं नाही. पण तेराव्या अध्यायात देवच म्हणतो, पुष्कळ देश घ्यायचा राहिलाय, आणि शास्ते पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात कनानी लोक जागोजागी नांदताहेत. त्या काळी युद्धाची भाषाच तशी फुगवून बोलायची. मवाबाच्या मेशा राजाचा ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातला शिलालेख १८६८ साली सापडला, त्यात त्यानं इस्राएल कायमचं नष्ट झालं असं कोरलंय. झालं का नष्ट? आणि राहाब आहेच, यरीहोची वेश्या, जी वाचली आणि मत्तयानं दिलेल्या येशूच्या वंशावळीत जाऊन बसली. पण १ शमुवेल १५, अमालेकी लोकांना मारून टाकायची आज्ञा, तान्ह्या मुलांसकट? शौल राजाची अवज्ञा, राजकारण, जुनं वैर, सगळी स्पष्टीकरणं वाचली. मला अजून पचत नाही. वहीत त्या पानावर फक्त तारीख आहे, खाली जागा मोकळी. तुम्हीही मोकळी सोडा. खोटं उत्तर लिहून पान भरण्यापेक्षा बरं.

एवढं झाल्यावर कुणीतरी सुटकेचा श्वास टाकून म्हणतं, चला, आता नवा करार, आता सगळं गोड. हे दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या माणसानं म्हणून झालंय. त्यानं जुना करार टाकून दिला, चार शुभवर्तमानांतलं फक्त लूक ठेवलं, तेही कापून. १४४ साली रोमच्या मंडळीनं त्याला बाहेर काढलं. कापायला घेतलं की कात्री थांबत नाही. देवाशी खोटं बोललेले हनन्या आणि सप्पीरा प्रेषितांच्या कृत्यांत मरतात, ते नव्या करारात. नरकाबद्दल सगळ्यात जास्त बोलतो तो येशूच. आणि उलट बाजूनं बघा, होशेय ११ मध्ये, जुन्या करारात, देव इस्राएलला म्हणतो, एफ्राइमा, तुला मी कसा सोडू? माझं काळीज आतल्या आत हललंय.

लूक ४ मधली एक जागा बोट ठेवून दाखवा. नासरेथच्या सभास्थानात येशू यशया ६१ वाचतो. परमेश्वराच्या प्रसादाचं वर्ष, इथपर्यंत. यशयात त्याच वाक्यात पुढं आहे, आमच्या देवाच्या सूडाचा दिवस. त्याआधीच तो थांबतो आणि गुंडाळी मिटतो. पण लोक चिडतात ते का? सारफथची विधवा आणि अरामी नामान, परक्यांवर दया झाली, हे तो सांगतो म्हणून. त्याला कड्यावरून ढकलायला निघतात. योनाचाच आजार. देवाचा कडकपणा आपल्याला फारसा खुपत नाही, शेजाऱ्यावरची दया खुपते.

रोमकरांस पत्र ११:२२ मध्ये पौल देवाची ममता आणि कडकपणा, दोन्ही पाहा म्हणतो. कडकपणासाठी वापरलेला ग्रीक शब्द 'कापणं' या क्रियेतून आलेला, आणि अध्यायात चाललंय जैतुनाचं कलम. काजूची कलमं बांधणाऱ्या आमच्या बायकांना हा अध्याय समजवावा लागत नाही, त्याच मला समजावतात. कलमाचा चाकू बोथट असेल तर डोळा मरतो, म्हणतात. विलापगीत ३:३३ ही त्याच दिवशी घ्या. पाच अध्यायांचं ते रडणं, त्यातला मधला अध्याय, त्याची ६६ वचनं, आणि बरोबर अर्ध्यावर लिहिलंय, की तो माणसांना मनापासून दुःख देत नाही. रडण्याच्या पोटात हे वाक्य ठेवलंय.

'क्रूसावर न्याय आणि दया भेटतात' हे उत्तर तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणीतरी देईल. ते उत्तर खरं आहे, माझा त्यावर विश्वास आहे. पण पहिल्या दिवशी ते दिलं तर पातेल्यावर झाकण बसतं आणि आत काय शिजतंय ते कुणी बघत नाही. रोमकरांस पत्र ३:२५-२६ मी सगळ्यात शेवटी घेते, बायका नहूम, योना, अमालेक सगळं पार करून आल्यावर. तेव्हा त्या स्वतःच बोलतात, मला बोलावं लागत नाही.

छत्री विसरून गेलेली ती आई पुढच्या वर्षी परत आली. गेल्या भाद्रपदात आम्ही पुन्हा लूक १३ घेतला, या वेळी पुढं वाचत गेलो. तीन वर्षं फळ न दिलेलं अंजिराचं झाड, मालक म्हणतो तोडा, माळी म्हणतो, यंदाचं एक वर्ष राहू द्या, भोवती खणून खत घालतो. काजूवाली म्हणाली, तीन वर्षं थांबला म्हणजे मालक काही वाईट नव्हे. दुसरीनं विचारलं, मग तोडलं काय? पान उलटलं. लूकनं ते सांगितलेलंच नाही, तो थेट सभास्थानातल्या एका कुबड्या बाईकडे वळलाय, अठरा वर्षं वाकलेली, येशू तिला सरळ उभी करतो.

'बाई,' ती आई म्हणाली, 'अठरा पुन्हा आलं बघा. बुरुजाखाली अठरा, आणि हिची अठरा वर्षं.'

नऊ वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं. तिला म्हटलं, वहीत लिही. तिनं माझ्याच वहीत लिहिलं, माझ्याच पेनानं.